भाग १४ : कर्ज फेडलं, तरी कर्ज का राहतं?



आज सुरुवात माझ्या एका फसलेल्या कामगिरीपासून करतो.

म्हैसूरला येऊन आम्हाला बारा वर्षं झाली. पहिल्या वर्षापासून आमच्याकडे एक बाई कामाला येतात. इथल्या पद्धतीनं आम्ही त्यांना अक्का म्हणतो, त्या मला ‘सार’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अक्का सलग तीन दिवस आल्या नाहीत. माझी बायको त्यांच्या घरी गेली तेव्हा कळलं, की सकाळी वसुलीवाला दारात येऊन बसतो म्हणून त्या पहाटेच बहिणीकडे निघून जातात. तीन ठिकाणची गटकर्जं होती, आणि शिवाय गल्लीतल्या एका माणसाकडून घेतलेले १८,००० रुपये, महिना शेकडा दहानं. म्हणजे मुद्दल तसंच ठेवून महिन्याला १,८०० रुपये नुसतं व्याज.

मी फौजी माणूस. सर्वात महागडं कर्ज आधी उडवायचं, एवढं गणित मला येतं. १८,००० रुपये मी त्या माणसाला स्वतः नेऊन दिले, चिठ्ठी फाडून घेतली आणि अक्कांना सांगितलं, हे परत करायचे नाहीत. चार महिन्यांनी, जूनमध्ये, कळलं की त्याच माणसाकडून त्यांनी पुन्हा १२,००० रुपये उचलले आहेत. मी चिडलो. “तुम्हा लोकांना शिस्तच नाही,” असं काहीतरी बोललो. अक्का काही बोलल्या नाहीत. भांडी घासून गेल्या. त्या संध्याकाळी बायकोही माझ्याशी बोलली नाही.

माझ्या हातून जे झालं तेच अर्थशास्त्रज्ञांनी मुद्दाम, मोजमाप ठेवून करून पाहिलं आहे, हे मला नंतर वाचताना समजलं. डीन कार्लन, सेंधिल मुल्लैनाथन आणि बेंजामिन रॉथ या तिघांनी भारतात चेन्नईला आणि फिलिपिन्समध्ये बाजारातल्या छोट्या विक्रेत्यांची सावकारी कर्जं चक्क फेडून टाकली. त्यांचा निबंध २०१९ साली छापून आला. निष्कर्ष असा, की बहुतेक जण सहा आठवड्यांच्या आत पुन्हा कर्जात होते. वर्ष-दोन वर्षांनी पाहिलं, तर ज्यांचं कर्ज फेडलं ते आणि ज्यांचं नाही फेडलं ते, दोघंही सारखंच कर्ज काढत होते. माझ्या अक्का चार महिने टिकल्या. म्हणजे त्यांची शिस्त जगाच्या सरासरीपेक्षा बरी होती म्हणायची!

असं का होतं? हे समजायला कर्जाचे प्रकार वेगवेगळे पाहावे लागतात, कारण आपण ‘कर्ज’ हा एकच शब्द वापरतो आणि त्यात पाच-सहा निराळ्या गोष्टी कोंबतो. (कन्नडमध्ये कर्जाला ‘साल’ म्हणतात. पहिल्या वर्षी किराणा दुकानात ‘साल इल्ला’ ऐकून मी मालकाला विचारलं होतं, कोणत्या सालाबद्दल बोलताय?)

सगळ्यात साधं म्हणजे हातउसने. कन्नडमध्ये त्याला ‘कैगड’ म्हणतात, तिथेही हातच आहे. व्याज नाही, कागद नाही. पण फुकट मात्र नाही. आज तुम्ही दिलंत, तर उद्या माझ्या दाराशी तुमचा हक्क तयार झाला. गरिबांच्या घरातला पैशाचा हिशेब महिनोन् महिने दर पंधरवड्याला लिहून घेणारा एक अभ्यास भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेत झाला. त्यावरचं पुस्तक २००९ साली आलं. त्यात दिसलं, की अगदी थोडं कमावणारं घरसुद्धा एकाच वेळी अनेक ठिकाणी थोडं देतं, थोडं घेतं, थोडं साठवतं. दिवसाला मिळकत कमी, हा त्यांचा अर्धाच प्रश्न. ती कधी येईल याचा भरवसा नाही, हा उरलेला अर्धा.

दुसरा प्रकार भिशी. आपल्याकडे भिशी, इथे ‘चीटी’. फरक एवढाच, की आपल्या बायकांच्या भिशीत बहुधा चिठ्ठी काढतात, आणि इथल्या चीटीत बऱ्याचदा लिलाव होतो. समजा वीस जण, प्रत्येकी ५,००० रुपये, म्हणजे महिन्याला एक लाख जमले. ज्याला आज अत्यंत गरज आहे तो म्हणतो, मला ८०,००० द्या, चालेल. राहिलेल्या वीस हजारांतून चालवणारा समजा ५,००० घेतो आणि १५,००० सगळ्यांत वाटले जातात, डोई ७५०. म्हणजे ज्याला घाई आहे तो व्याज देतो आणि ज्याला घाई नाही तो व्याज कमावतो. बँक नाही, मॅनेजर नाही. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झ यांनी १९६२ साली अशा मंडळांवर लिहिलं. त्यांना वाटत होतं, की हा खेडं आणि बँक यांच्या मधला जिना आहे. बँका आल्या की तो मागे पडेल. साठ वर्षं झाली, आमच्या कॉलनीत बँकेचे निवृत्त अधिकारीच चीटी चालवतात. १९९३ मध्ये बेस्ली, कोट आणि लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठीची भिशी बरी की लिलावाची, याचं गणित मांडलं. घाई सगळ्यांना सारखीच असेल, तर नशिबावर सोडलेली चिठ्ठीसुद्धा लिलावापेक्षा सरस ठरू शकते, असं त्यात निघालं. आपल्या आयांना हे कोणत्या विद्यापीठानं शिकवलं होतं कोण जाणे.

आता तिसरा प्रकार, आणि हा कडू आहे. म्हैसूरचे सुपुत्र प्रा. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली जवळच्याच एका खेड्यात राहून अभ्यास केला. त्यांनी ‘जीत’ या पद्धतीबद्दल लिहिलं आहे. गरीब माणूस जमीनमालकाकडून आगाऊ पैसे घेतो आणि ठरावीक वर्षं त्याच्याकडे राबतो. आपल्या भाषेत सालगडी. ऊसतोड कामगार मुकादमाकडून ‘उचल’ घेऊन कोयता खांद्यावर टाकून निघतो, तेही याच जातीचं कर्ज. इथे फेड पैशात होतच नाही, माणसाच्या दिवसांत होते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला. उचल अजून आहे. माझ्या तुकडीत मराठवाड्यातली पोरं असायची. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे, कारण लिहिलेलं असायचं ‘बहिणीचं लग्न’. मी सही करायचो. पोरगा रजेवरून आला की विचारलं तर कळायचं, लग्न झालं दोन वर्षांपूर्वीच. हे पैसे त्या वेळच्या उचलीतून बापाला सोडवायला होते.

सावकाराबद्दल बोलताना १८७५ आठवलं नाही असा मराठी माणूस नसेल. त्या वर्षी १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि मग पुणे-नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांना हवे होते कर्जरोखे. रोखे मिळाले की ते जाळायचे, नाही दिले तरच बहुधा हाणामारी. का? तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोखा तीन वर्षांपुरताच चालायचा. हेतू चांगला होता, कुणबी जन्मभर अडकू नये. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा, नवा अंगठा. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाची तेजी गेली, सावकारांनी हात आखडला, आणि त्याच सुमारास सरकारनं शेतसारा वाढवला. सरकारनं कमिशन नेमलं, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. इतिहासकारांत मात्र आजही वाद आहे. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये लिहिलं, की या दंग्यांचा गवगवा त्यांच्या खऱ्या आकारापेक्षा फार मोठा झाला. असेल. पण नव्या अंगठ्याची ती युक्ती तुम्ही विसरू नका, आपल्याला ती पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनं देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष, आणि सदस्यांत आपले धनंजयराव गाडगीळ. १९५१-५२ सालचा आकडा असा, की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता ३.१ टक्के, सरकारचा ३.३, आणि सावकारांचा जवळजवळ ७० टक्के. पुढचं सगळं धोरण, सहकारी बँका, राष्ट्रीयीकरण, हे त्या आकड्यांशी झुंजण्यात गेलं.

आणि मग आमच्या म्हैसूरची गोष्ट. १९६८ साली ‘म्हैसूर रिसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी’ नावाची संस्था निघाली, तिबेटी निर्वासितांना वसवण्यासाठी. तिचं आद्याक्षरी नाव मायराडा. १९८४-८५ च्या सुमारास तिनं ज्या खेड्यांत काम केलं तिथल्या मोठ्या सहकारी सोसायट्या मोडायला लागल्या. काही लोक म्हणाले, आम्ही पैसे परत करतो, पण सोसायटीला नाही. मायराडानं सांगितलं, मग एकमेकांना करा. पंधरा-वीस ओळखीची माणसं, स्वतःची बचत, स्वतःचे नियम. नाबार्डनं पुढे त्यात पैसे घातले आणि १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू झाला. आज गावोगावचे महिला बचतगट ज्या वाटेनं आले, ती ही.

बचतगट आणि मायक्रोफायनान्स कंपनीचा गट यांत मात्र गल्लत करू नका. पहिल्यात आधी बचत, मग कर्ज, आणि व्याज गटातच राहतं. दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून कर्ज, आणि गट असतो तो एकमेकींना जामीन म्हणून. एकीनं हप्ता चुकवला, की बाकीच्या तिच्या दारात. व्याजाची भाषाही नीट ऐका. १०,००० रुपयांवर आठवड्याला २२५ चे ५० हप्ते, म्हणजे ११,२५०. ऐकायला साडेबारा टक्के. पण मुद्दल दर आठवड्याला कमी होत असतं, वर्षभर सरासरी जेमतेम निम्मंच तुमच्या हातात असतं. खरा दर पंचवीसच्या आसपास. दिवाणखान्यात बसून आपण हे महाग म्हणू. गल्लीतल्या शेकडा दहासमोर ते स्वस्तच आहे.

याचा फायदा होतो का? हैदराबादेत १०४ वस्त्या घेऊन त्यातल्या निम्म्यांत आधी शाखा उघडल्या आणि फरक मोजला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी त्यात पैसे घातले. पण घरखर्च, मुलांचं शिक्षण, आरोग्य यांत ठळक फरक दिसला नाही. उद्धारही नाही, सत्यानाशही नाही. मग बातम्यांत सत्यानाश का दिसतो? कारण सरासरीत बुडणारी माणसं दिसत नाहीत. २००९ साली कोलार, रामनगर आणि आमच्या म्हैसूरच्याही काही वस्त्यांत हप्ते भरणं एकदम थांबलं. रेशीम धंद्याला मंदी होती, एकेका घरावर चार-चार कर्जं होती, आणि स्थानिक समाजाच्या कमिट्यांनी ‘भरू नका’ म्हणून सांगितलं. पुढच्याच वर्षी आंध्रात वटहुकूम निघाला. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटकानं काढला. जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास.

रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम चांगला आहे: घराच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाता कामा नये. आता अक्कांकडे परत येतो.

जूनमधल्या त्या बोलण्यानंतर आठवड्याभरानं मी माफी मागितली. मग एक वही घेतली आणि आम्ही दोघांनी, बायकोला दुभाषी ठेवून, आकडे मांडले. चार घरची कामं, १४,००० रुपये. नवरा रंगकाम करतो, कधी १२,००० कधी शून्य. सरासरी ६,००० धरा. म्हणजे घराचे २०,०००. गटकर्जांचे हप्ते ७,४००. सदतीस टक्के, नियमात चोख बसतं. पण पावसाळ्यात रंगकाम बंद. तेव्हा मिळकत १४,०००, त्यातून हप्ते ७,४००, भाडं ४,५००. उरले २,१००. त्यातच जून, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा. आधीच्या वर्षी शेकडा दहाचं व्याज वेगळं होतं, तेव्हा उरायचे ३००.

मी काढून टाकलं होतं ते व्याज. पावसाळा तसाच होता. शिवाय अक्कांनी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या गणितात नव्हती. गटाचा हप्ता चुकला तर बायका दाराशी येतात, आणि त्यांतल्या दोघी नात्यातल्या. म्हणून हप्ता चुकवायचा नाही. तो भरायला गल्लीतल्या माणसाकडून घ्यायचं. मागच्या वर्षी एका कंपनीनं जुनं कर्ज संपायच्या आत नवं मोठं कर्ज दिलं, जुनं त्यातच वळतं करून. मी विचारलं, सही कुठे केलीत? “टॅबवर, सार. बोटाची.” सुप्याचा रोखा निदान जाळता तरी येत होता.

आणि तो गल्लीतला माणूस? मी त्याला खलनायक ठरवून मोकळा झालो होतो. अक्का म्हणाल्या, नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा रात्री अकराला पैसे देणारा तोच होता. त्याला तोडून चालत नाही. म्हणून अधूनमधून गरज नसतानाही थोडं घेऊन वेळेवर फेडायचं, ओळख राहते.

नवं एक गटकर्ज संपलं ते पुन्हा घेतलं नाही. त्या हप्त्याचे पैसे आता बायकोच्या चीटीत जातात, जून महिन्याची पाळी अक्कांची, असं बाकीच्या बायकांनी आपणहून ठरवलं. १२,००० पैकी ४,००० अजून आहेत.

परवा अक्कांनी बायकोकडून ५०० रुपये घेतले. वही माझ्या टेबलावर असते. त्यांनीच उघडली, तारीख टाकली आणि कन्नडमध्ये लिहिलं, ‘कैगड, ५००’. खाली अजून एक ओळ होती, मागच्या महिन्याची, ती मी पाहिली नव्हती. बायकोनं त्यांच्याकडून भाजीसाठी १२० घेतले होते, ते द्यायचे राहिलेत.