प्रदेश कोण ठरवतो? वाशिमच्या निमित्ताने

भूगोलाच्या पुस्तकात ‘प्रदेश’ हा शब्द इतक्या सहज येतो, की तो जमिनीवरच कोरलेला असावा असे वाटते. वास्तविक प्रदेश ही माणसाने समजण्याच्या सोयीसाठी केलेली आखणी आहे. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ रिचर्ड हार्टशोर्न यांनी १९३९ साली ‘द नेचर ऑफ जिओग्राफी’ या ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला. प्रदेश साधारणपणे तीन प्रकारचे मानतात. हे तिन्ही प्रकार वाशिम जिल्ह्यात एकमेकांवर पसरलेले दिसतात.

पहिला समरूप प्रदेश. एखादा गुणधर्म सर्वत्र सारखा आढळला की तो होतो. ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला काळा दगड, त्यावरची काळी माती आणि त्या मातीतला कापूस, तूर, सोयाबीन पाहिले की वाशिम दख्खनच्या पठाराचा भाग ठरते. पण कसोटी बदलली की सीमाही बदलते. याच पठारावरून काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे उतरते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. पैनगंगेचे पाणी मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागराला मिळते. मातीच्या हिशेबाने जिल्हा एक, पाण्याच्या हिशेबाने दोन! जुन्या वऱ्हाडाने हा भेद ओळखला होता. पूर्णेचे खोरे ते पयनघाट, वरचे पठार ते बालाघाट.

दुसरा कार्यात्मक प्रदेश. तो सारखेपणावर नव्हे, तर एखाद्या केंद्राशी असलेल्या ये-जा आणि देवघेवीवर उभा राहतो. बाजारपेठ, दवाखाना, रेल्वे स्थानक ही अशी केंद्रे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्याचे ठळक उदाहरण. संत सेवालाल महाराजांच्या या स्थानी बंजारा भाविक तेलंगणा, कर्नाटकातूनही येतात. हा प्रदेश कोणत्याही शासकीय नकाशात नाही, तरी यात्रेच्या दिवशी तो रस्त्यावर दिसतो.

तिसरा लोकमानसातला प्रदेश. ‘वऱ्हाड’ म्हणताच बोली, खाणे, स्वभाव असे सारे एकत्र उभे राहते, मात्र त्याची नेमकी हद्द कोणी सांगू शकत नाही. ही ओळख जुनी आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. या शाखेचे अस्तित्व १९३९ मध्ये सापडलेल्या वाशिमच्या ताम्रपटाने उजेडात आणले. राजशेखराने काव्यमीमांसेत विदर्भातील वत्सगुल्माचा उल्लेख केला, आणि ‘वच्छोमी’ हे काव्यरीतीचे नाव याच गावावरून आले. गावाच्या नावाने शैली ओळखली जावी, हेही प्रदेश घडण्याचेच लक्षण.

या तिन्हींवर शासनाची रेषा पडते. अकबराच्या काळात बाशिम हे वऱ्हाड सुभ्यातले सरकार होते. इंग्रजी अमलात तो स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये मोडला गेला. पुसद यवतमाळकडे गेले, वाशिम व मंगरूळ अकोल्याकडे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा पुन्हा निर्माण झाला, पुसद मात्र यवतमाळातच राहिले. नदी, माती तीच, फक्त कागद बदलला.

पण कागदाला कमी लेखू नये. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात विकासाचा अनुशेष जिल्ह्यांच्या तुलनेवरून मोजला. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचे नाव आले. मोजणीचा एकक जिल्हा असला, की जिल्ह्याच्या आतला फरक सरासरीत विरघळतो. नदीकाठच्या बागायतीचा आकडा आणि डोंगराळ कोरडवाहू गावाचा आकडा एकाच बेरजेत जातात. जिल्हा मोठा असताना हीच गत वाशिमची अकोल्याच्या बेरजेत होऊ शकत होती.

म्हणून नकाशा पाहताना एक प्रश्न विचारावा: ही रेषा कशासाठी ओढली आहे? पाणी वाटायचे असेल तर खोरे पाहावे, दवाखाना उभारायचा असेल तर लोक कुठून येतात ते पाहावे, भाषा समजायची असेल तर माणसांची बोलणी ऐकावी. एकच रेषा साऱ्या कामांना वापरली, की ज्यांच्या वाट्याला ती आडवी येते ते हिशेबाबाहेर राहतात.