आत्महत्येनंतरची चौकशी : मागे राहिलेल्यांच्या शोकाचे स्वरूप

एमिल दुर्खेम यांच्या १८९७ सालच्या ग्रंथाने आत्महत्येच्या समाजशास्त्रीय विवेचनाचा पाया घातला. तथापि त्या विवेचनाचा रोख आत्महत्येच्या प्रमाणावर व कारणांवर होता. ज्या घरातून माणूस गेला त्या घराचे पुढे काय झाले, हा प्रश्न दीर्घकाळ उपेक्षितच राहिला. त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांच्याकडे जाते. १९७२ साली अल्बर्ट केन यांनी संपादिलेल्या लेखसंग्रहामुळे या विषयाला अधिक स्थैर्य आले.

आप्ताचा कोणताही मृत्यू दुःखदायकच असतो. परंतु रोगाने वा अपघाताने आलेल्या मृत्यूचा दोष रोगावर, दैवावर किंवा परक्या माणसावर ठेवता येतो. आत्महत्येत मरणारा आणि मृत्यू घडवून आणणारा एकच असल्यामुळे रोष कोणावर धरावा हेच उमगत नाही. आणि अखेर तो स्वतःकडे वळतो. आदल्या दिवशी तो गप्प होता, तेव्हा आपण विचारले का नाही? आपल्याच बोलण्याने तर त्याचे मन दुखावले नसेल? अशा रीतीने शोकाची जागा चौकशी घेते. आणि ज्याने उत्तर द्यावयाचे तोच उरलेला नसल्यामुळे ती चौकशी कधी संपत नाही. वस्तुतः आत्महत्येस बहुधा एकच एक कारण नसते. शोकाकुल मन मात्र असे एकच कारण शोधीत राहते, आणि ते स्वतःच्या वागण्यात सापडल्याचा त्यास भास होतो. मागे राहिलेल्या निकटवर्तीयांमध्येही आत्महत्येचा धोका वाढलेला आढळतो, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांत या आंतरिक चौकशीस दुसऱ्या, सरकारी चौकशीची जोड मिळते. १९ डिसेंबर २००५ च्या शासननिर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसांस एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. नापिकी, बँक, सहकारी संस्था वा परवानाधारक सावकार यांचे थकलेले कर्ज आणि परतफेडीचा तगादा हे त्याचे निकष होत. प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरविते. सार्वजनिक पैशाच्या वाटपास निकष हवेत हे मान्यच आहे. परंतु त्यामुळे ऐन सुतकाच्या दिवसांत विधवेस सातबारा व कर्जाचे दाखले गोळा करावे लागतात. हातउसने घेतलेल्या पैशाचा किंवा विनापरवाना सावकाराच्या कर्जाचा कागद तिच्यापाशी नसतो. मात्र त्याची फेड पुढे तिलाच करावी लागते.

'अपात्र' या शेऱ्याचा परिणाम केवळ आर्थिक नसतो. कर्ज हे कारण नव्हे असे एकदा ठरले, की गाव दुसरे कारण शोधू लागते. आणि ते व्यसनात नाही तर घरातील कलहात, म्हणजे पुष्कळदा पत्नीच्या वागण्यात, शोधले जाते. जो आरोप ती मनोमन स्वतःवर करीत होती, त्याला जणू सरकारी मोहोर मिळते. तिचे दुःख खरे मानावयाचे की नाही, हे पतीच्या कर्जखात्यावर अवलंबून राहावे, ही या व्यवस्थेतील खरी विसंगती होय. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये ती पतीची प्रथम वर्गातील वारस आहे. परंतु सासरी दोषी मानल्या गेलेल्या स्त्रीस जमिनीवरील हक्क मागणे सोपे नसते.

यात आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांसाठीही एक सूचना आहे. प्रश्नावली घेऊन अशा घरी जाणारा संशोधक हा पोलीस आणि तलाठी यांच्यानंतरचा तिसरा चौकशीकर्ता असतो. 'हे का घडले?' हा त्याचा पहिला प्रश्न असेल, तर तीच जखम तो पुन्हा उघडतो, आणि हाती येणारे उत्तरही पूर्वी समितीपुढे दिलेलेच असते. 'त्यानंतर आपले कसे चालले आहे?' येथून आरंभ केल्यास माहितीही अधिक विश्वसनीय मिळेल. शिवाय, जिला आजवर सर्वांनी केवळ साक्षीदार मानले, तिला निदान एकदा तरी शोक करणारी व्यक्ती म्हणून वागविले जाईल.