ऑक्साइडच्या पातळ थरातलं चुंबकत्व : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एरवी चुंबकाला दाद न देणाऱ्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसवला की तो चुंबकीय वागतो, असे दावे २००० सालानंतर एकामागून एक आले. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड, हाफ्नियम ऑक्साइड अशी यादी वाढत गेली. काही दावे तपासणीत टिकले, काही एका साध्या चिमट्यापायी कोसळले. त्यातून दोन टोकांची मतं रुजली. एक म्हणतं, पृष्ठभागावर कशालाही चुंबकत्व येऊ शकतं. दुसरं म्हणतं, हा सगळा भेसळीचा खेळ आहे. दोन्ही चूक आहेत. पृष्ठभागाचं चुंबकत्व खरं आहे, ते मोजता येतं आणि त्यावर चालणारी उपकरणं बाजारात आहेत. मात्र ते सिद्ध करायचं तर ‘किती’ याच्या आधी ‘नेमकं कुठून’ हे विचारावं लागतं.

गैरसमज १ : चुंबकत्व हा धातूचा गुण, ऑक्साइड झालं की ते संपलं.

वस्तुस्थिती : माणसाने ओळखलेला पहिला चुंबक ऑक्साइडच होता. मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं एक काळं ऑक्साइड, जवळपास ५८५ अंश सेल्सिअसपर्यंत आपलं चुंबकत्व टिकवतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये याच कुळातल्या टायटॅनोमॅग्नेटाइटचे बारीक कण आहेत. लाव्हा थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा या कणांत कायम झाली. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या खडकांच्या चुंबकत्वाचा अभ्यास झाला. भारतीय भूखंड दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत आला, याचा भक्कम पुरावा या दगडांनी दिला. स्पीकरच्या पाठीमागचं काळं कडं बहुधा बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम फेराइटचं असतं. जुन्या कॅसेटची तपकिरी फीतही लोहाच्या ऑक्साइडचीच.

ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन अडसर नसतो, मध्यस्थ असतो. दोन धातू-अणूंच्या मधोमध बसलेला ऑक्सिजन आपल्या इलेक्ट्रॉनांमार्फत एकाच्या स्पिनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकत्वाच्या दिशेची, खबर दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो. धातू–ऑक्सिजन–धातू हा कोन १८० अंशांचा असेल तर शेजारी स्पिन बहुतेक वेळा एकमेकांच्या विरुद्ध वळतात. कोन ९० अंशांच्या जवळ आला की अनेकदा ते एकाच दिशेला वळतात. जॉन गुडइनफ आणि जुंजिरो कानामोरी यांनी हे नियम मांडले. कोन थोडा बदलला तरी चुंबकत्व बदलतं, हे पुढच्या प्रत्येक मुद्द्यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गैरसमज २ : पातळ थर म्हणजे त्याच पदार्थाची पातळ चकती, गुणधर्म तेच, फक्त प्रमाण कमी.

वस्तुस्थिती : पंगतीत मध्ये बसलेल्याला दोन्ही बाजूंना शेजारी असतात, टोकाला बसलेल्याला एकाच बाजूला. पृष्ठभागावरच्या अणूची स्थिती तीच. त्याचे काही ऑक्सिजन शेजारी गायब असतात, उरलेले बंध वेड्यावाकड्या कोनात झुकतात, आणि त्याची विद्युतभाराची जुळणीही बिघडते. एक मिलिमीटर जाडीच्या स्फटिकात अणूंचे सुमारे २५ लाख स्तर असतात; त्यांतल्या वरच्या आणि खालच्या स्तराला कोण विचारतो? पण चार नॅनोमीटरच्या थरात स्तर जेमतेम दहा. त्यांतले दोन कडेचे. म्हणजे पाचवा हिस्सा पदार्थ ‘पृष्ठभाग’ झाला.

त्यात सबस्ट्रेटची भर पडते. थर ज्या स्फटिकावर बसवतात त्याच्या अणूंमधलं अंतर थोडं वेगळं असतं, आणि नवा थर त्या मापाशी जुळवून घेताना ताणला किंवा दाबला जातो. शिवाय हे थर बहुधा ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला, ठरावीक ऑक्सिजनच्या दाबाखाली वाढवले जातात. दाब कमी पडला की काही जागा ऑक्सिजनविना राहतात. टायटॅनियमच्या ऑक्साइडमध्ये अशा रिकाम्या जागेचे इलेक्ट्रॉन शेजारच्या टायटॅनियमवर जाऊन बसू शकतात. एरवी चुंबकत्व नसलेला हा अणू मग एक सुटा स्पिन बाळगू लागतो. म्हणूनच ‘तोच पदार्थ’ दोन प्रयोगशाळांत दोन प्रकारे वागू शकतो.

गैरसमज ३ : पृष्ठभागावर चुंबकत्व नेहमी वाढतं.

वस्तुस्थिती : ते वाढतं, घटतं, कधी पूर्ण मरतंही. लँथॅनम–स्ट्रॉन्शियम मँगनाइट हे ऑक्साइड सुमारे ३७० केल्विनपर्यंत, म्हणजे पाणी उकळायच्या थोडं आधीपर्यंत, लोहचुंबकीय असतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवलं की त्याच्या पृष्ठभागाचं चुंबकत्व तापमान वाढताच आतल्या भागापेक्षा कितीतरी झपाट्याने ढासळतं. या मँगनाइटचे दोन थर आणि मध्ये विद्युतरोधकाची पातळ भिंत अशी रचना करून २००३ मध्ये १८०० टक्क्यांहून अधिक चुंबकरोध (थरांच्या चुंबकत्वाच्या दिशेनुसार विद्युतरोधात पडणारा फरक) मिळवला गेला, पण तो ४ केल्विनला. खोलीच्या तापमानाला पोहोचेपर्यंत परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. या थरांच्या कडेला चुंबकत्व हरवलेला जो पट्टा राहतो, त्याला संशोधक ‘डेड लेयर’ म्हणतात.

उलट उदाहरण क्रोमियम ऑक्साइडचं. हे प्रतिलोहचुंबकीय आहे : आत निम्मे स्पिन एका दिशेला, निम्मे विरुद्ध दिशेला, एकूण बेरीज शून्य. पण स्फटिक एका विशिष्ट दिशेने कापला की सर्वांत वरच्या क्रोमियम अणूंचे स्पिन सगळे एकाच बाजूला असतात. पृष्ठभाग थोडा खडबडीत असला तरी हे मोडत नाही, कारण ही मांडणी स्फटिकाच्या सममितीतूनच येते. आत शून्य, कडेला चुंबक! २०१० मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी या पृष्ठभागावर कोबाल्ट–पॅलेडियमचे पातळ थर बसवले आणि चुंबकीय क्षेत्र कायम ठेवून, फक्त विद्युत क्षेत्राची दिशा बदलून पृष्ठभागाचं चुंबकत्व उलटवून दाखवलं, तेही खोलीच्या तापमानाला. अडचण एकच : क्रोमियम ऑक्साइडची ही शिस्त ३०७ केल्विनला, म्हणजे ३४ अंश सेल्सिअसला मोडते. नागपूरचा मे महिना त्याच्या कितीतरी पुढे असतो. थोडं बोरॉन मिसळून ही मर्यादा ४०० केल्विनच्या आसपास नेता आली आहे, म्हणून या पदार्थाकडून आशा आहे.

गैरसमज ४ : हिस्टेरिसिस लूप दिसला म्हणजे थर लोहचुंबकीय ठरला.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडलेला गैरसमज हाच. हिस्टेरिसिस लूप म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढवताना आणि घटवताना चुंबकत्व वेगवेगळ्या वाटेने गेल्यामुळे आलेखात उमटणारा बंद फास. मोजमाप जवळून पाहिलं की कारण कळतं. पाच बाय पाच मिलिमीटरचा एक तुकडा घ्या. थर १०० नॅनोमीटर जाड, त्याखालचं सबस्ट्रेट अर्धा मिलिमीटर, म्हणजे थराच्या पाच हजार पट. तुकडा साध्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या स्ट्रॉमध्ये बसवून स्क्विड मॅग्नेटोमीटरमध्ये, म्हणजे अतिक्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात, सोडतात. सबस्ट्रेट स्वतः प्रतिचुंबकीय असतं. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की त्याचा विरुद्ध दिशेचा संकेत सरळ रेषेत वाढत जातो आणि थराच्या संकेताच्या कित्येक पट होतो. ही रेषा वजा केल्यावर जो बारीकसा एस आकाराचा लूप उरतो, त्यावर दावा उभा असतो.

तो लूप केवढा? चुंबकत्व मोजायच्या ई.एम.यू. या एककात साधारण एक लाखांश ई.एम.यू. आता हिशेब करून पाहा. एक ग्रॅम लोखंड पूर्ण चुंबकित झालं की सुमारे २१८ ई.एम.यू. देतं. म्हणजे एक लाखांश ई.एम.यू. द्यायला ५० नॅनोग्रॅमहूनही कमी लोखंड पुरतं. त्याचा घन केला तर बाजू भरेल १८ मायक्रोमीटर, केसाच्या जाडीच्या जेमतेम चौथाई. एवढी कणी तुकड्याच्या काठाला चिकटली की झालं ‘नवं चुंबकत्व’.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २००४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने हाफ्नियम ऑक्साइडच्या थरात अनपेक्षित चुंबकत्व सापडल्याचं ‘नेचर’मध्ये जाहीर केलं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी असेच थर स्वच्छ हाताळणी करून तपासले, तर चुंबकत्व मिळालं नाही. मग तेच तुकडे स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरले आणि लूप हजर झाला. चिमट्याखेरीज सबस्ट्रेट तापकाला चिकटवायचा चांदीचा लेप, नमुना धरून ठेवणारी चिकटपट्टी, यंत्राच्या सुपरकंडक्टिंग चुंबकात अडकून राहिलेलं थोडं क्षेत्र, हे सगळे खोटा लूप देऊ शकतात.

भेसळ थराच्या आतही लपू शकते. पुणे विद्यापीठात घडलेले आणि पुढे पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व आयसरमध्ये काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ सतीशचंद्र ओगले यांचं या क्षेत्रातलं काम म्हणूनच शिकवून जातं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात असताना २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कोबाल्टमिश्रित टिन ऑक्साइडच्या थरात प्रत्येक कोबाल्ट अणूमागे ७.५ बोर मॅग्नेटॉन (अणूचं चुंबकत्व मोजायचं एकक) एवढं चुंबकत्व नोंदवलं. धातुरूप कोबाल्टमध्ये ते १.७ च्या आसपास असतं. २००४ मध्ये त्याच मेरीलँडच्या गटाने कोबाल्टमिश्रित टायटॅनियम डायऑक्साइडचे, ऑक्सिजन बराच कमी असलेले थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत धातुरूप कोबाल्टचे ८ ते १० नॅनोमीटरचे पुंजके होते. तरीही हे थर ‘अ‍ॅनॉमलस हॉल परिणाम’, म्हणजे चुंबकत्वामुळे प्रवाहाच्या आडव्या दिशेला निर्माण होणारा विद्युतदाब, दाखवत होते, आणि तोवर हा परिणाम अस्सल चुंबकत्वाची खूण मानला जात होता. ती खूण पुरेशी नाही, हे या गटाने स्वतः पुढे होऊन सांगितलं. विज्ञानाचा प्रामाणिकपणा तो हाच.

गैरसमज ५ : म्हणजे चुंबकत्व नसलेल्या ऑक्साइडांबद्दलचे सगळेच दावे खोटे.

वस्तुस्थिती : हा उलट्या बाजूचा आततायीपणा. २००६ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या ए. सुंदरेशन, सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम, झिंक, टिन, सीरियम यांच्या ऑक्साइडच्या ७ ते ३० नॅनोमीटरच्या कणांत खोलीच्या तापमानाला क्षीण चुंबकत्व नोंदवलं. तेच कण भाजून एकसंध केले की ते नाहीसं होत होतं. भेसळ असती तर ती भाजल्यावरही मागे राहिली असती. इथे पृष्ठभाग घटला आणि चुंबकत्वही गेलं. पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा हे त्यांनी दिलेलं कारण आहे.

लँथॅनम अ‍ॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट यांची जोडी तर त्याहून विलक्षण. दोन्ही विद्युतरोधक, दोन्ही बिनचुंबकी. २००४ मध्ये अकिरा ओतोमो आणि हॅरल्ड ह्वांग यांनी दाखवलं की दोघांच्या सीमेवर वीज वाहते. २००७ मध्ये तिथे चुंबकत्वाच्या खुणा दिसल्या, आणि त्याच वर्षी अतिवाहकताही. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सूक्ष्म स्क्विड पृष्ठभागावरून फिरवून तिथे चुंबकत्वाचे विखुरलेले बारीक ठिपके टिपले. पुढे असंही दिसलं की अ‍ॅल्युमिनेटचा थर ठरावीक जाडीचा होईपर्यंत ठिपके नसतातच. धुळीला थराची जाडी कळत नाही. म्हणून हा पुरावा वजनदार आहे. त्याच २०११ मध्ये न्यूट्रॉनच्या मोजमापांनी मात्र सरासरी चुंबकत्व असलंच तर अत्यंत क्षीण आहे, असं सांगितलं. दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात : ठिपके खरे, पण ते विरळ.

गैरसमज ६ : कुठून येतंय हे ठरवायचा मार्गच नाही.

वस्तुस्थिती : मार्ग आहेत, फक्त ते कष्टाचे आहेत. पहिला साधा : थराची जाडी बदलत न्या. चुंबकत्व सगळ्या थराचं असेल तर संकेत जाडीबरोबर वाढतो, पृष्ठभागाचं असेल तर तेवढाच राहतो, आणि भेसळ असेल तर कसाही बदलतो. सोबत थर नसलेलं कोरं सबस्ट्रेट त्याच तापमानातून, त्याच लेपातून, त्याच चिमट्याखालून काढा. दुसरा मार्ग क्ष-किरणांचा : किरणांची ऊर्जा एका मूलद्रव्याला जुळवून, डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणात शोषण किती बदलतं ते पाहतात. त्यामुळे संकेत टायटॅनियमचा की चोरट्या लोखंडाचा, हे वेगळं काढता येतं. तिसरा, ध्रुवित न्यूट्रॉनांचं परावर्तन : चुंबकत्व कोणत्या खोलीवर किती आहे, याचा आलेखच त्यातून मिळतो. ही सोय मुंबईत तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीवर आहे.

गैरसमज ७ : हा सगळा प्रयोगशाळेतला खटाटोप, व्यवहारात शून्य.

वस्तुस्थिती : हार्ड डिस्कमधली माहिती वाचणाऱ्या शीर्षात मॅग्नेशियम ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा थर असतो. तो स्वतः चुंबक नाही. पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या चुंबकीय थरांतून इलेक्ट्रॉन आरपार जाताना स्पिनप्रमाणे निवडले जातात. २००४ मध्ये जपानमध्ये शिंजी युआसा आणि अमेरिकेत स्टुअर्ट पार्किन यांच्या गटांनी अशा रचनेत खोलीच्या तापमानाला २०० टक्क्यांच्या आसपास चुंबकरोध मिळवला. २०१० मध्ये तोहोकू विद्यापीठाच्या गटाने १.३ नॅनोमीटरच्या कोबाल्ट–लोह–बोरॉन थराचं चुंबकत्व आडवं न राहता उभं करून दाखवलं. तसं करायला लावणारी गोष्ट एकच होती : सीमेवर लोह आणि ऑक्सिजन यांच्यात जुळलेला बंध. वीज गेली तरी माहिती न विसरणाऱ्या चुंबकीय मेमरी चिप आज याच सीमेच्या जोरावर बनतात.

म्हणून पुढच्या वेळी ‘बिनचुंबकी ऑक्साइड चुंबक झालं’ अशी बातमी वाचलीत, तर तिला हसू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. कोरं सबस्ट्रेट तपासलं का? जाडी बदलून पाहिली का? संकेत कोणत्या मूलद्रव्याचा, ते ठरवलं का? दुसऱ्या प्रयोगशाळेला तेच मिळालं का? या चार प्रश्नांची उत्तरं देणारा दावा लहान असला तरी मोलाचा आहे. न देणारा दावा कितीही मोठा असो, तो अजून अर्धवट आहे.