‘स्नॉब’ म्हणजे काय रे भाऊ?

प्रत्येक कॉलेजात असा एक जण असतोच. तुम्ही नव्वदच्या दशकातलं हिंदी गाणं लावलंत की तो नाक मुरडणार, टपरीवरचा चहा त्याला चालणार नाही, आणि तुमची शाळा कुठली हे ऐकल्यावरच तो ठरवणार, तुमच्याशी किती बोलायचं ते. त्याच्या पाठीमागे तुम्ही त्याला ‘स्नॉब’ म्हणता. पण गंमत म्हणजे, पूर्वी हा शब्द त्याच्यासारख्यांच्या तोंडी होता, तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी!

आधी एका लोकप्रिय फॉरवर्डचा निकाल लावू. म्हणे जुन्या इंग्लिश विद्यापीठांत, उमराव घराण्यातल्या नसलेल्या मुलांच्या नावापुढे ‘सिने नोबिलिताते’ (लॅटिनमध्ये ‘खानदानाविना’) असा शेरा असायचा आणि त्याचंच आखूड रूप ‘स्नॉब’. ऐकायला झकास, पण पुरावा शून्य.

खरी गोष्ट जास्त बोचरी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘स्नॉब’ म्हणजे जोडे शिवणारा किंवा त्याच्या हाताखालचा पोऱ्या, एवढंच. मग तो केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या हाती लागला. झगे घालून मिरवणारी ही मुलं, विद्यापीठाबाहेरच्या गावातल्या कुणालाही ‘स्नॉब’ म्हणू लागली. दुकानदार असो नाहीतर मजूर, सगळे एकाच माळेचे मणी. थोडक्यात, हा कॉलेजचा स्लँग, आणि तोही कष्टाच्या कामाचं नाव शिवीसारखं वापरून केलेला. आपण इंग्रजांना हसायला नको. ‘चांभारचौकशा’ हा शब्द आपणही बिनदिक्कत वापरतोच की! त्यात तर कामाबरोबर अख्खी जातही खाली ढकलली जाते.

शब्दाची दिशा फिरवली ती विल्यम मेकपीस थॅकरेनं. हा लेखक जन्मला १८११ साली आपल्या कोलकात्यात. १८२९मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला, ‘द स्नॉब’ याच नावाच्या विद्यार्थी नियतकालिकात लिहू लागला आणि पुढच्या वर्षी पदवी न घेताच बाहेर पडला. १८४६-४७मध्ये त्यानं ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात इंग्लंडमधल्या स्नॉब लोकांवर लेखमाला लिहिली. १८४८मध्ये तिचं ‘द बुक ऑफ स्नॉब्ज’ हे पुस्तक झालं. त्याचे स्नॉब चामड्याचं काम करणारे नव्हते. बड्यांपुढे लाळघोटेपणा करायचा आणि आपल्याहून खालच्यांना झिडकारायचं, हा ज्यांचा धंदा, ते सगळे त्यात आले. पाद्री आले, फौजी अधिकारी आले, विद्यापीठवालेही सुटले नाहीत. लेखमालेवर नाव कुणाचं? ‘त्यांच्यापैकीच एक’! मला थॅकरे आवडतो तो यासाठी.

पुढे ‘वरच्यांची नक्कल करणारा’ हा अर्थ मागे पडत गेला आणि ‘इतरांना कमी लेखणारा’ हा ठसठशीत झाला.

मराठीत नेमका उलटा प्रवास झालेला शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यात आहे: शिष्ट. संस्कृतात शिष्ट म्हणजे शिकलेला, वळण असलेला. ‘शिष्य’ त्याच धातूवरून आला. ‘शिष्टाचार’ आणि ‘शिष्टमंडळ’ यांत तो मान अजून टिकून आहे. पण कट्ट्यावर कुणी म्हणालं, ‘ती ना, जाम शिष्ट आहे,’ तर त्याला तिच्या वळणाचं कौतुक करायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको.