एक गीत, अनेक कंठ

‘प्रेमगीत’ हा शब्द ऐकतांच पुष्कळ पालकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती नेहमींच निष्कारण असते असें नाहीं. परंतु आज ज्या प्रेमगीताविषयीं लिहावयाचें आहे, त्याचें मूळ प्रार्थनामंदिरांत आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

फिलाडेल्फिया येथील कृष्णवर्णीय मेथॉडिस्ट उपदेशक चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांनीं १९०५ सालीं ‘स्टँड बाय मी’, म्हणजे ‘माझ्यापाशीं उभे राहा’, या नांवाचें स्तोत्र प्रसिद्ध केलें. संकटाच्या वादळांत देवानें जवळ असावें, ही त्यांतील याचना. हार्लेममध्यें वाढलेले गायक बेन ई. किंग यांच्या कानीं असेच सूर पडलेले होते. १९६० च्या ऑक्टोबरांत दुसऱ्या गाण्याचें ध्वनिमुद्रण आटोपून थोडा वेळ उरला, तेव्हां त्यांनीं आपलें नवें गीत जेरी लीबर व माइक स्टोलर या रचनाकारांस म्हणून दाखविलें, असें सांगतात. स्टोलर यांनीं त्याला खर्जांतील एक लहानशी सुरावट जोडली. ती अंधारांत चालणाऱ्या माणसाच्या पावलांप्रमाणें अखेरपर्यंत चालत राहते, आणि तिच्यावर चारच स्वरसंघ (म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचे गट) पुनःपुन्हा फिरतात. एवढ्या अल्प साहित्यावर हें गाणें उभें आहे! १९६१ सालीं तें ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ गीतांच्या यादींत पहिलें आलें.

पर्वत समुद्रांत कोसळले तरी भय नाहीं, ही शेहेचाळिसाव्या स्तोत्रांतील कल्पना त्यांत जशीच्या तशी आहे. देवाच्या जागीं मात्र प्रिय व्यक्ति आली आहे. हें पावित्र्याचें उल्लंघन झालें काय? कांहींना तसें वाटेल. मला वाटत नाहीं. कारण याचनेंतील नम्रता तिळभरही उणी झालेली नाहीं.

आपल्या नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचे शब्द छापीत. तेथें चाल जुनी व शब्द नवे. येथें दोन्हीं जुनींच, गाणारा तेवढा नवा. मुष्टियोद्धे कॅशस क्ले, म्हणजे पुढील मुहंमद अली, यांनींही हें गीत मुद्रित केलें. त्यांच्या मुष्टीविषयीं वाटणारा आदर गळ्याविषयीं वाटणें कठीण. १९७५ सालीं जॉन लेनन यांनीं तें गायिलें, आणि किंग यांची शांत विनवणी तेथें व्याकुळ हांक झाली. १९८० सालीं मिकी गिली यांनीं त्याला ग्रामीण अमेरिकेच्या ‘कंट्री’ संगीताचा पेहराव चढविला. नुसती नक्कल करणाऱ्यांविषयीं काय लिहावें!

१९८६ सालीं चार मुलांच्या मैत्रीवरील एका चित्रपटास याच गीताचें नांव देण्यांत आलें, आणि पंचवीस वर्षांपूर्वींचें मूळ मुद्रण पुन्हा घरोघर वाजूं लागलें. प्रेमगीत मैत्रीचें गीत झालें, आणि त्यासाठीं एक शब्दही बदलावा लागला नाहीं.

१९ मे २०१८ रोजीं विंडसर येथील सेंट जॉर्ज चॅपेलमध्यें राजपुत्र हॅरी यांच्या विवाहप्रसंगीं कॅरन गिब्सन यांच्या ‘किंग्डम कॉयर’ या गायकवृंदानें हेंच गीत म्हटलें. प्रार्थनामंदिरांतून निघालेले सूर प्रार्थनामंदिरांत परतले. तें ऐकावयास बेन किंग मात्र नव्हते; ३० एप्रिल २०१५ रोजीं त्यांचें निधन झालें होतें.