सहा पायांचें यंत्र

कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्यांस चाकाची थोरवी सांगावयास नको. बोरघाटांतून आगगाडी चढते. नेरळाहून माथेरानास जाणारी छोटी गाडी तर १९०७ सालीं सुरू झाली. परंतु या चाकांकरितां मनुष्यानें आधीं डोंगर फोडिला व रूळ मांडिले, हें आपण विसरतों. चाकास तयार वाट लागते, पायास ती लागत नाहीं. हा भेद केवढा आहे, हें १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यास कळून चुकलें. इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीस गाडीरस्ता नव्हता. अवजड यंत्रें वर नेतां येईनात. माणसांनीं पायवाटेनें चढून हातांनीं चिखल उपसला. २७ देह मिळाले, ५७ माणसें बेपत्ता राहिलीं, आणि चौथ्या दिवशीं शोध थांबवावा लागला.

मग पायांनीं चालणारें यंत्र कां करूं नये? हा प्रश्न आतां विद्यापीठांतून हातांनीं शिकावयाचा विषय झाला आहे. अमेरिकेंत बर्कले येथें प्राध्यापक रॉबर्ट फुल हे जीवशास्त्रज्ञ तो शिकवीत आले आहेत. विद्यार्थी आधीं प्राण्यांची रचना व चाल अभ्यासतात, आणि मग तिचें तत्त्व घेऊन स्वतः वस्तु घडवितात.

या विद्येंतील एक मोठा गुरु म्हणजे झुरळ! वाचकांनीं नाक मुरडूं नये. झुरळ धांवतांना एका बाजूचा पुढचा व मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय टेकतें. ते उचलतांच उरलेले तीन टेकतात. म्हणजे त्याच्या पोटाखालीं बहुधा एक तिवई उभी असते, आणि तिवई डगमगत नाहीं. आम्हीं ताटांत बारीक रांगोळी पसरून एक झुरळ सोडिलें. तें थेट ताटाबाहेर पळालें. दुसऱ्यानें मात्र कृपा केली. ठसे पुसट होते, तरी दोहों बाजूंचे ठसे समोरासमोर न पडतां आळीपाळीनें पडलेले दिसले.

खरी मौज पुढें आहे. पायाखालीं खडा आला तर झुरळास विचार करावयास वेळ कोठला? त्याचा पायच स्प्रिंगप्रमाणें लवतो आणि तोल सांवरतो. हें ओळखून २००० सालच्या सुमारास अमेरिका व कॅनडा येथील विद्यापीठांनीं मिळून 'आरहेक्स' नांवाचें यंत्र केलें. त्यास पाय सहा आणि मोटारीहि सहाच. गुडघा मुळींच नाहीं! पुढें त्यास बसविलेले अर्धवर्तुळाकार लवचीक पाय दगडधोंड्यांवरूनहि चालतात. झुरळाचे सर्व सांधे जसेच्या तसे नकलूं गेले असते तर यंत्र जड होऊन बसलें असतें, असें आम्हांस वाटतें.

मुंबईच्या आयआयटींत शिकलेले कौशिक जयराम यांनीं फुल यांच्यासह २०१६ सालीं दाखविलें कीं, झुरळ ३ मिलिमीटरांच्या फटींतूनहि अंग चपटें करून जातें. त्यावरून त्यांनीं तळहातावर मावेल असें, दबून निम्म्या उंचीचें होणारें यंत्र केलें. पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यांत जिवंत माणूस शोधावा, ही त्यामागील इच्छा. इर्शाळवाडीच्या ओल्या मातींत मात्र अशा फटी कितीशा असणार? तेथें निराळी युक्ति लागेल.

आपल्या शेताच्या बांधावरील चिंबोरीकडे या दृष्टीनें कोणी पाहिलें आहे काय? एखादा पाय तुटला तरी ती चिखलांतून चालतेच. उरलेल्या पायांचा क्रम ती कसा बदलते, हें आम्हांस गेल्या पावसाळ्यांत नीट टिपतां आलें नाहीं. येत्या आषाढांत पुन्हां पाहणार आहोंत.