स्मार्टफोनची तुलना : आकडे कसे वाचावेत?

बॅटरी : ५,००० एमएएचचे दोन फोन सारखेच टिकतात असे नाही. प्रोसेसर आणि स्क्रीन किती वीज खातात, यावर ते ठरते.

मेमरी : ‘व्हर्च्युअल रॅम’ हा स्टोरेजचाच वापरात घेतलेला भाग असतो आणि तो खऱ्या रॅमपेक्षा संथ चालतो. स्टोरेजमध्ये यूएफएस हा प्रकार ईएमएमसीपेक्षा वेगवान असतो.

कॅमेरा : मेगापिक्सेलइतकाच सेन्सरचा आकार महत्त्वाचा. मोठा सेन्सर अधिक प्रकाश टिपतो, त्यामुळे अंधुक उजेडातले फोटो सुधारतात.

आयपी ६८ : पहिला अंक धुळीपासूनच्या, तर दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राच्या पाण्याला ती लागू नाही.

अपडेट : पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलॅक्सी एस २४ (२०२४) यांना ७ वर्षे अपडेट देण्याचे कंपन्यांनी जाहीर केले. स्वस्त मॉडेलांना हा काळ सहसा कमी मिळतो.

५जी : सगळे ५जी फोन सर्व बँड पकडत नाहीत. जिओ वापरत असलेला ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ बँड यादीत आहे का, हे जिओच्या ग्राहकांनी पाहावे.

सार मूल्य : शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओलहरींचे हे माप. भारतात मर्यादा किलोमागे १.६ वॅट.